सासऱ्यांची आडवी बाटली

मी उभा जन्म नगरपालिकेत कुत्र्यांचे परवाने देण्यात घालवला. नियम मोडायला आलेली माणसं कशी दिसतात, हे मला खिडकीच्या आतून चांगलं ठाऊक आहे. आधी ती गोड हसतात, मग घरातल्या आजाऱ्याचं नाव काढतात, आणि शेवटी म्हणतात, "साहेब, एकदाच." अशा माणसांकडे मी चष्म्याच्या वरून बघायचो. तेव्हा गेल्या जुलैत आर्डेनच्या डोंगरांतल्या एका कुरणात, भर दुपारी, निळ्या संडासामागे पालथा पडून खांद्यापर्यंत हात जमिनीत घातलेल्या अवस्थेत मी पकडला गेलो, हे ऐकून आमच्या गावात ज्यांना आनंद झाला असेल त्यांनी तो खुशाल साजरा करावा. मला त्यांची नावं माहीत आहेत. त्यांच्या कुत्र्यांचीही.

सगळ्याचं मूळ माझा मेहुणा फिर्मिन. मारिएटचा, म्हणजे माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ. ट्राम दुरुस्तीच्या कारखान्यात नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि आयुष्यात हौस एकच, आर्डेनची चोवीस तासांची मोटारशर्यत. गेल्या वर्षी त्याच्या घशात गाठ निघाली. किरणं दिली. त्या किरणांनी गाठीचं काय झालं ते डॉक्टर नीट सांगेनात, पण जिभेची चव मात्र साफ गेली. हिवाळ्यात तो आमच्याकडे राहायला आला. आमच्या दर्शनी खोलीत, जिथे मला स्वतःलाही बूट घालून जायची परवानगी नाही, तिथे दवाखान्यातली खाट आली.

मारिएटने त्याच्यासाठी काय काय केलं! बिअरमध्ये शिजवलेलं गोमांस झालं, केशर घातलेली तांदळाची खीर झाली, आईच्या पद्धतीचं लोण्यातलं पालक-बटाट्याचं भरीत झालं. फिर्मिन एक घास घ्यायचा, नीट चघळायचा आणि निकाल द्यायचा, "पुठ्ठा."

"अरे, केशर घातलंय मेल्या!"

"महागाचा पुठ्ठा, ताई."

मग ईस्टरच्या रविवारी मी जेवणाआधी माझी ग्यूझ ओतून घेत होतो. ग्यूझ म्हणजे आमच्या भागातली आंबट बिअर. बाहेरचे लोक पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतात आणि आम्ही त्यांच्याकडे बघून समाधान मानतो. फिर्मिनने सहज माझा पेला उचलून ओठाला लावला आणि डोळे विस्फारले. मला वाटलं, ठसका लागला. तो म्हणाला, "थांबा. काहीतरी आहे. आंबट आहे!" मारिएट हातातला चमचा टाकून धावत आली. आम्ही तिघं वेड्यासारखे हसत होतो, रडत होतो. त्या दिवसापासून दर रविवारी त्याला अर्धा पेला ग्यूझ मिळू लागली आणि मारिएट प्रत्येक पदार्थात व्हिनेगर ओतू लागली. तिच्या भावाला आंबट लागो न लागो, माझे दात आंबून गेले.

जूनमध्ये डॉक्टरांनी औषधं बंद केली. बरं वाटलं म्हणून नव्हे. घरात कोणी त्यावर बोललं नाही. त्या संध्याकाळी फिर्मिन म्हणाला, "अल्बेरिक, बाबांची एक बाटली आहे ना अजून?"

होती. माझे सासरे पेत्रुस पिंपांतली जुनी-नवी आंबट बिअर चाखून चाखून एकमेकांत मिसळायचे आणि बाटल्या भरायचे. त्यांच्या हातची ही शेवटची, आमच्या तळघरात आडवी पडलेली, वरच्या अंगाला चुन्याचा पांढरा पट्टा. तो पट्टा सदैव वर. बाटली आडवीच ठेवायची, आडवीच न्यायची, आडवीच उघडायची आणि आडवीच ओतायची. ती उभी केली की तळाचा गाळ उठतो आणि सासऱ्यांचाही आत्मा उठतो. मुलगी देताना त्यांनी मला पगार विचारला नाही, पण तळघरात नेऊन बाटली कशी धरायची हे दोनदा करून दाखवलं, आणि तिसऱ्यांदा माझ्याकडून करून घेतलं.

"आहे," मी म्हणालो. "आणू वर?"

"इथे नको. शर्यतीला. शर्यतीच्या रस्त्यावरच्या त्या भट्टीच्या वळणावर, गाड्या सुटताना. बाबा तिथे उघडायचे तशी."

"घरीच पी ना रे," मारिएट म्हणाली. "एवढा प्रवास, ती धूळ..."

"घरी मी पेशंट आहे, ताई. मी घोट घेतला की तुम्ही दोघं माझ्या तोंडाकडे बघत बसता. तिथे सगळे गाड्यांकडे बघतात. एकदा मला चव नीट लागू दे. बाबांची. मग तुमच्या पुठ्ठ्याला नाव ठेवणार नाही."

तिकिटं आली. फिर्मिनला चढउतार नको म्हणून मी तंबूसाठी सपाटीवरची, कुंपणालगतची जागा मागून घेतली होती. सोबत गुलाबी कागद होता. त्यावर पहिलाच नियम, लाल अक्षरांत : तंबूंच्या तळावर काच नको. बाटली नको, बरणी नको, पेला नको.

आता नियम वाईट आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. शर्यत संपल्यावर ते कुरण मी पाहिलेलं आहे. गवतात काचा, तंबूत काचा, अनवाणी पोरांच्या पायांत काचा, आणि नंतर तिथे गाई चरायच्या. असा नियम माझ्या हातात असता, तर मी तो आणखी कडक केला असता आणि वर फी लावली असती. पण हा नियम सासऱ्यांच्या बाटलीला लागू होतो, ही गोष्ट मला मनातून पटेना. नियम नेहमी दुसऱ्यांच्या बाटल्यांसाठी असतात.

मी सरळमार्गी माणूस, म्हणून आधी आयोजकांच्या कचेरीत फोन लावला. एका मुलीने उचलला.

"औषध चालतं, बाळाचं खाणं चालतं, अत्तर चालतं," ती म्हणाली. "बाकी काच चालत नाही."

"बाई, आमच्या पेशंटला फक्त आंबट चव लागते. म्हणजे ग्यूझ हे त्याचं औषधच नाही का झालं?"

"डॉक्टरांचं पत्र आणा."

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पुष्कळ विचार करून लिहून दिलं : 'रुग्णास आंबट पदार्थ चालतील.' मी पुन्हा फोन लावला, पत्र वाचून दाखवलं. ती मुलगी म्हणाली, "छान. पण आंबट पदार्थ काचेतूनच द्यावा, असं कुठे लिहिलंय त्यात?"

मी स्वतः आयुष्यभर असंच उत्तर दिलेलं. खिडकीच्या बाहेरून ते इतकं झोंबतं याची मात्र कल्पना नव्हती.

मग आमचे शेजारी ओमेर आले. ओमेर म्हणजे निवृत्त प्लंबर. जगातली प्रत्येक अडचण ही मुळात गळती आहे, असं त्यांचं मत. "त्यात काय एवढं?" ते म्हणाले. "प्लास्टिकच्या बाटलीत ओता. झाकण घट्ट लावा. विषय संपला."

"ग्यूझ प्लास्टिकमध्ये?" मारिएटने कपाळाला हात लावला. "बाबा असते तर त्यांनी तुम्हाला घरात घेतलं नसतं."

तरी प्रयोग म्हणून दुकानातली ताजी ग्यूझ आणून आम्ही ती लिंबू सरबताच्या बाटलीत भरली. ओमेर म्हणाले, प्रवासात हलते तशी हलवून बघा. म्हणून मी ती गाडीत मागच्या सीटवर ठेवून चर्चपर्यंत चक्कर मारली. मागच्या सीटवर मारिएटचा चर्चच्या गायनमंडळाचा पांढरा झगा इस्त्री करून ठेवलेला होता. चर्चच्या दारातच मागे असा काही धडाका झाला की पाद्रीबाबा बाहेर धावत आले. गाडीच्या छतापासून झग्यापर्यंत सगळं आंबट झालं. त्या रविवारी मारिएट गायला उभी राहिली तेव्हा तिच्या आजूबाजूला आपोआप जागा झाली. ती माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. फिर्मिन मात्र खाटेवर पडल्या पडल्या इतका हसला की त्याला पाणी पाजावं लागलं.

ओमेर हार मानणाऱ्यांतले नव्हेत. "काच आत न्यायची नाही ना? मग आधीच आत ठेवायची. तळ बसायच्या आधी ते नुसतं कुरणच असतं की. कुंपण नाही, पहारा नाही. जा, तुमच्या जागेत पुरून या. नंतर मोकळ्या हाताने आत शिरा."

मी म्हटलं, हे बेकायदेशीर आहे. ओमेर म्हणाले, कुठल्या कलमाखाली? मी रात्रभर विचार केला. कलम सापडेना. आणि खरं सांगायचं तर, दर्शनी खोलीतून फिर्मिनचा खोकला ऐकू येत होता, त्यामुळे कलम सापडलं असतं तरी मी गेलोच असतो.

शर्यतीच्या आठवडाभर आधी मी निघालो. बाटली माझ्या फ्लॅनेलच्या जुन्या विजारीच्या एका पायात घातली, पट्टा वर धरून मांडीवर घेतली, आणि ओमेरनी गाडी चालवली. आर्डेनात उतरलो. ओमेर 'जरा कॉफी घेऊन येतो' म्हणून गावात गेले, ते माझी अब्रू जाईपर्यंत उगवले नाहीत. मी एकटा, डोक्यावर हॅट, हातात कुदळ, तिकिटावरच्या नकाशातली आमची जागा मोजून शोधली. खड्डा खणला, बाटली निजवली, माती लोटली आणि वर गवताचा तुकडा बसवला. सरळ होतो तोच मागून आवाज आला, "उंदरांसाठी आलात?"

कुरणाचा मालक होता, शेतकरी लोनू. तो बोलतो फ्रेंच, आमची भाषा वेगळी, आणि माझं फ्रेंच खिडकीपुरतं : सही करा, पुढचा या, दुपारनंतर या. मी घाबरून म्हणालो, "हो."

झालं! जमीन पोखरणाऱ्या उंदरांसाठी त्याने दोन वर्षं आपल्या नगरपालिकेकडे अर्ज केले होते, आणि त्यावर सदेह उगवलेला मी पहिला अधिकारी. त्याने माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. कोठारातून पोलादी सापळ्यांची टोपली आणली. मी नाही कसं म्हणणार? सबंध दुपार मी त्या कुरणात बिळं शोधत सापळे लावत हिंडलो, आणि लोनू माझ्या मागून टोपली घेऊन. संध्याकाळी त्याने डझनभर अंडी दिली आणि सांगितलं, की सरकारी माणूस इतकं मन लावून काम करताना त्याने जन्मात पाहिला नव्हता. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझी ही पहिली स्तुती, आणि ती दुसऱ्याच्या खात्यात.

शर्यतीच्या दिवशी फिर्मिनला आम्ही उशांमध्ये बसवून गाडीत घातलं. तो इतका हलका झाला होता की मी एकट्याने उचलला. मारिएटने त्याच्या गळ्याला मफलर गुंडाळला, कॉलर नीट केली, पुन्हा नीट केली. "गाढवासारखे वागू नका तिथे," एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली.

फाटकावर तपासणीला मादाम देफ्लांद्र होत्या, फ्रेंच बोलणाऱ्या. रुंद खांदे, पिवळं जाकीट, आणि वर्षभर शाळेच्या खानावळीत पोरांच्या ताटावर नजर ठेवून कमावलेला डोळा. त्यांनी आमची गाडी उपसली. मारिएटने दिलेली कांद्याच्या लोणच्याची बरणी काढली, मोहरीची काढली, मेयोनेजची काढली.

"अगदी योग्य!" मी मोठ्याने म्हणालो. "नियम म्हणजे नियम. आणखी बघा, मादाम, सीटखालीही बघा."

त्यांनी माझ्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं. ती नजर मी ओळखली. फिर्मिन पुटपुटला, "साहेब, जरा कमी."

आत शिरलो. आमच्या जागेपाशी आलो आणि मी तिकिटावरचा नकाशा पुन्हा काढून बघितला. मी जिथे गवताचा तुकडा बसवला होता, नेमके तिथे तीन निळे, प्लास्टिकचे उचलते संडास एका ओळीत उभे होते. एका पोऱ्याने येऊन आम्हाला पलीकडची जागा दाखवली. म्हणाला, उताराकडची जमीन भुसभुशीत निघाली म्हणून संडास इकडे सरकवले. कसली भुसभुशीत? उंदीर पळून गेले होते, त्यांची बिळं ढासळली होती, आणि हे सगळं मीच सापळे लावून घडवून आणलं होतं.

"कुठल्याखाली आहे?" फिर्मिनने विचारलं.

"मधल्या."

तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्या खांद्याला धरून म्हणाला, "अल्बेरिक, राहू दे. जाऊ दे रे."

त्याच्या तोंडून 'राहू दे' ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. मी त्याला घडीच्या खुर्चीवर मधल्या संडासासमोर बसवलं, येणाऱ्यांना थोपवायला, आणि स्वतः मागे जाऊन तंबूच्या खुंटीने खणायला लागलो. पुढून संवाद ऐकू येत होते.

"बंद आहे," फिर्मिन घोगऱ्या आवाजात सांगत होता.

"किती वेळ?" कोणीतरी धिप्पाड आवाजाचा डच माणूस.

"आत आमचे साहेब आहेत. परवाना खात्यातले. त्यांना वेळ लागतो."

"तब्येत बरी नाही का?"

"पहिल्यापासूनच."

मी पालथा पडून हात आत आत घालत होतो. लांब, वळणाकडे, गाड्यांची इंजिनं गुरगुरायला लागली होती. बोटांना फ्लॅनेल लागलं! मी ओढलं, आणि त्याच क्षणी खाड्कन् आवाज होऊन लोनूचा, म्हणजे मीच लावलेला, सापळा माझ्या मधल्या बोटावर बसला. मी जी आरोळी ठोकली ती शर्यतीच्या मैदानावरही ऐकू गेली असावी. संडासांपुढे उभ्या लोकांच्या तिन्ही रांगा मागे धावल्या. गर्दीतून वाट काढत पिवळं जाकीट आलं.

मी उताणा पडलो होतो. एका हाताला सापळा, दुसऱ्या हातात विजार, आणि विजारीत बाटली, पट्टा वर.

"हे काय आहे?" मादाम देफ्लांद्र.

"विजार."

"विजारीत?"

"मादाम," मी पडल्या पडल्या जमेल तेवढ्या फ्रेंचमध्ये आणि अधिकाराने म्हणालो, "नियम काच आत आणण्याविरुद्ध आहे. ही बाटली मी आत आणलेली नाही. ती आधीपासून आतच होती. उलट आता मी ती बाहेर काढतोय."

त्यांनी खिशातून गुलाबी कागद काढला, उलटा केला. मागच्या बाजूला बारीक अक्षरं होती. "आणणे, बाळगणे अथवा वापरणे," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला. "द्या. आणि ती सरळ धरा आधी, सांडेल."

"सरळ नाही धरायची!"

"उभी करून खोक्यात टाका."

"आडवी! आडवीच असते ती!" मी बाटली छातीशी धरली. लोक हसत होते. कोणीतरी फोटो काढला. बोटातून कळा येत होत्या, पलीकडे इंजिनांचा आवाज चढत होता, आणि मला फक्त एवढं कळत होतं की गाड्या आता सुटणार आणि फिर्मिन तसाच खुर्चीत बसलेला राहणार. मी ओरडलो, "अहो, तो मरतोय! दिसत नाही का तुम्हाला? पुढच्या वर्षी नसेल तो!"

हसणं थांबलं. मी मागे पाहिलं. फिर्मिन खुर्ची सोडून संडासाला धरत धरत मागे आला होता. सगळं ऐकत उभा होता. आमच्या घरात सहा महिने हा शब्द कोणी काढला नव्हता. मारिएटने नाही, डॉक्टरांनी नाही. तो मी काढला, आणि तोही संडासामागे, अनोळखी लोकांत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खरंय, मादाम," फिर्मिन शांतपणे म्हणाला. "पण त्याचा बाटलीशी काही संबंध नाही. नियम बरोबर आहे तुमचा. हा माझा मेहुणा जरा हळवा आहे, त्याला सोडा."

मादाम देफ्लांद्रने कागदाची घडी घातली. बराच वेळ घातली. मग गर्दीला म्हणाल्या, "काय बघता? संडास मोकळे आहेत की!" आणि आमच्याकडे वळून, खालच्या आवाजात नव्हे, चांगल्या दमदार आवाजात, "माझा नियम फाटकापर्यंत. फाटकाबाहेर सार्वजनिक रस्ता आहे. तिथे तुम्ही काय आडवं धरता आणि काय उभं, मला कर्तव्य नाही. चला."

जप्त बरण्या वाहायची त्यांची चार चाकांची ढकलगाडी होती, तिच्यात त्यांनी फिर्मिनला उशांसकट बसवलं. त्या ढकलत होत्या, मी शेजारून बाटली दोन्ही हातांवर झोपवून चालत होतो. वाटेत त्यांनी माझ्या बोटातला सापळा एका झटक्यात उघडून काढला आणि म्हणाल्या, "शाळेतली पोरं परवडली."

फाटकाबाहेर काचेच्या कचऱ्याची मोठी पेटी होती आणि तिच्याभोवती जप्त मालाचा ढीग : मुरंबे, लोणची, वाइन, कोणाचे तरी लग्नातले पेले. वळण तिथून दिसत नव्हतं. समोर नुसती झाडं. मादामनी ढिगातून तीन पेले उचलले, पाण्याने विसळले, जाकिटाला पुसले. तिसरा कोणासाठी, हे आम्ही विचारलं नाही.

मी गुडघ्यावर बाटली आडवी घेतली आणि बूच काढलं. ग्यूझचं बूच निघताना आतून एक सुस्कारा येतो. आला नाही. पेल्यात ओतली, तर फेसाचा पत्ता नाही. "बरीच वर्षं झाली ना," मी म्हणालो, "फेस बसला असेल."

फिर्मिनने पेला घेतला. मी तोंडाकडे बघायचं नाही म्हणून झाडांकडे बघायला लागलो.

"बाबा," तो म्हणाला. मग हळूहळू, एकेक शब्द शोधत, "अगदी बाबांची. तोच आंबटपणा. आधी हिरवं सफरचंद, मग मागून तळघर."

मला काय वाटलं ते कसं सांगू? वाटलं, चर्चमधला झगा, लोनूचे मुके, फुटलेलं बोट, सगळं वसूल झालं. मी त्या आनंदात माझा पेला भरभरून तोंडाला लावला.

बुरशीचं पाणी होतं ते. ओल्या तळघरात सडलेली चिंधी पिळावी तसं. आंबटपणा औषधालाही नव्हता. बिअर मेली होती. कधी मेली देव जाणे. सासऱ्यांच्या बुचातच दोष होता, की आमच्या तळघरात, की माझ्या त्या खड्ड्यात उन्हाने आणि संडासाच्या भाराने, हे मला आता कधीच कळणार नाही.

घोट घशाखाली उतरवताना मला दुसरी गोष्ट कळली. फिर्मिनला आंबटही लागत नव्हतं. आज नाही, आणि किती रविवारांपासून नाही ते त्यालाच ठाऊक. जो माणूस बहिणीच्या केशराला तोंडावर पुठ्ठा म्हणायचा, त्याने हिरवं सफरचंद आणि तळघर कुठून तरी आठवून आणलं होतं, माझ्यासाठी.

तो माझ्याकडे बघत होता. अगदी रोखून, तो खाटेवर असताना आम्ही त्याच्याकडे बघायचो तसा. "तुला कशी लागली?" त्याने विचारलं. "खरं सांग हं, अल्बेरिक. चांगली आहे ना?"

त्याला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. त्याच्याजवळ कळायला दुसरा मार्गच उरला नव्हता.

"अगदी बाबांची," मी म्हणालो.

त्याचा चेहरा इतका सैलावला की मला रडू आवरेना. "बोट दुखतंय का?" तो म्हणाला. मी म्हणालो, हो, फार दुखतंय. मग त्याने बाटलीकडे बोट केलं, "अरे, मादामना दे की. आडवी धर."

मी नको म्हणायच्या आत त्यांनी पेला पुढे केला होता. मी थोडीशीच ओतली. त्यांनी एका दमात घेतली. मानेची शीर ताठ झाली, डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या ओल्या तोंडाकडे, मग ढकलगाडीत उशांना टेकून वाट बघणाऱ्या फिर्मिनकडे. घोट गिळला.

"छान," त्या आमच्या भाषेत म्हणाल्या, त्यांना ती येत नव्हती तरी. "खूप छान. आंबट."

"बघ!" फिर्मिन म्हणाला.

तेवढ्यात गाड्या सुटल्या. झाडांपलीकडून तो आवाज आला, सगळा डोंगर हादरवत भट्टीच्या वळणाकडे निघाला, आणि फिर्मिनने डोळे मिटून, मान एकेका गाडीबरोबर फिरवत, तो शेवटपर्यंत ऐकला. मग डोळे उघडून त्याने पेला माझ्यापुढे धरला.

"ओत," तो म्हणाला. "बाबांची आहे, टाकायची नाही."

मी ओतली. त्याला, मला आणि मादामना. आम्ही तिघांनी ती तळापर्यंत संपवली.